पायाळू सर

आधी चहा संपवा. हा किस्सा ऐकताना कुणाला ठसका लागला तर ते पापही माझ्याच माथी यायचं, आणि माथ्यावर आधीच एक आहे. आता काय सांगू तुम्हाला! माणसं दारूच्या नशेत घोटाळे करतात, प्रेमात पडून करतात. मी एका शब्दाला नुसतं 'हो' म्हणून केला. आणि मी कोण? मराठीचा मास्तर!

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. उस्मानाबादची कटकट सुटली म्हणून लोक खूश होते, कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता. पाऊस मात्र नव्या जिल्ह्याला ओळखच दाखवेना. लागोपाठ दोन पावसाळे नुसते ढग दाखवून गेले. मी नांदेडचा, गोदावरीकाठी वाढलेला. पाण्यासाठी रांग लावतात हे मी मुरुडजवळच्या त्या गावात नोकरीला लागल्यावर पाहिलं. हायस्कूल होतं, मला नववी-दहावीचं मराठी दिलं होतं, आणि गावातल्या तात्यांच्या घरी माडीवरची खोली भाड्याने मिळाली होती. तात्या म्हणजे गावातले वजनदार शेतकरी. बोलणं कमी, पण बोलले की गाव ऐकायचं.

तर झालं काय, नव्या जिल्ह्याने पहिलीवहिली लांब पल्ल्याची शर्यत जाहीर केली. मुरुडच्या रस्त्याने लातूरपर्यंत. कॉलेजात असताना मला पळायचा शौक होता, आणि पंचविशीतल्या माणसाला खुमखुमी यायला शर्यतीची जाहिरात पुरते. वाटलं, नव्या जिल्ह्याचा पहिला धावपटू आपणच. वर्तमानपत्रात फोटो कुठल्या बाजूने काढून घ्यायचा, तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या वेळी अर्धी चड्डी, बनियन, पायांत कॅनव्हासचे बूट, असा मी निघालो. ओढ्यापलीकडे बौद्ध वस्ती होती, तिथून रस्ता मुरुडच्या फाट्याला जायचा. वस्ती ओलांडली आणि मागून धप धप आवाज येऊ लागला. वळून बघतो तर सात-आठ बायका घागरी घेऊन माझ्या मागे पळताहेत! मी घाबरून वेग वाढवला. त्यांनीही वाढवला. सगळ्यांत पुढे एक पन्नाशीची, काटक बाई. तिने मला वस्तीपुढच्या चढावर गाठलं, म्हणजे बघा.

"सर, टँकर कुठं थांबलाय?"

"कसला टँकर? मी नुसता पळतोय."

"कशापासून?"

दुष्काळात पहाटे माणूस पळताना दिसला तर तो टँकरकडेच पळत असणार, हे मला कळायला हवं होतं. बायका मला शिव्या न देता परत गेल्या, हा त्यांचा मोठेपणा. ती पुढची बाई म्हणजे कौसाबाई. वस्तीला स्वतःचं पाणी नव्हतं. गावापलीकडची एक विहीर अजून तग धरून होती, तिथून ती दिवसाला कितीतरी खेपा करायची, आणि मग लोकांच्या रानात कामाला जायची. त्या दिवसापासून मी दिसलो की ती लांबून हाक मारायची, "सर, टँकर का नुसतंच?" मी ओरडायचो, "नुसतंच, मावशी!" आमची चांगली गट्टी जमली होती.

पळणं मात्र रंगात आलं. सुरुवातीला मारुतीच्या देवळापर्यंत गेलो तरी जीव कंठाशी यायचा. महिन्याभरात फाट्याला हात लावून परत येऊ लागलो. श्वास टिकू लागला, मांड्या घट्ट झाल्या, भाकरी दुप्पट जाऊ लागली. वर्गात 'उत्साह' या विषयावर निबंध द्यावा इतका उत्साह आला. आणि तिथेच माझी नडगी दुखायला लागली.

दुखणंसुद्धा कसं, तर शिस्तीचं. घरून निघताना काही नाही. परत येताना तात्यांच्या बांधाला लागून गायरान होतं, तिथे एक बाभूळ. बरोबर त्या बाभळीजवळ आलं की उजव्या नडगीत कळ सुरू. मग मी थांबायचो. एका पायावर उभा राहायचो, टाच आपटून बघायचो, वाकून दोन्ही तळवे जमिनीला टेकवायचो, डोळे मिटून पोटरी ताणायचो. पाच-दहा मिनिटं ही सगळी कसरत झाली की लंगडत घरी. रोज तीच बाभूळ, रोज तीच कसरत. शहाण्या माणसाने विश्रांती घेतली असती. मी शहाणा असतो तर तुम्ही आत्ता चहा पीत दुसऱ्या कुणाचा तरी किस्सा ऐकत असता.

तात्या आपल्या रानातून हे बघायचे. एका सकाळी ते बांधावर आले, माझ्या पायांकडे बघत राहिले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर, तुमी पायाळू हाय का?"

झालं! इथेच माझ्या मराठीने मला दगा दिला.

हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. पण मराठीच्या मास्तराने शेतकऱ्याला शब्दाचा अर्थ विचारायचा? छे! त्याच आठवड्यात मी नववीला आळू प्रत्यय शिकवला होता. माया असलेला तो मायाळू, दया असलेला तो दयाळू, झोप फार तो झोपाळू, लाज फार तो लाजाळू. तेव्हा पायांचा शौक असलेला तो पायाळू! किती सुंदर बोलीतला शब्द! मनातल्या मनात मी लोकभाषेला नमस्कारसुद्धा केला.

"हो तर," मी छाती काढून म्हणालो. "जन्मापासूनच."

तात्यांनी हात जोडले.

ज्यांना तो शब्द माहीत आहे, ते आत्ताच हसू लागलेत. ज्यांना नाही, त्यांना सांगून टाकतो, म्हणजे हसायची सोय होईल. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर येतात ते मूल पायाळू. अशा माणसाचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण उतरते, असं गावोगावी मानतात. आणि त्याला जमिनीच्या पोटातलं पाणी कळतं, असंही मानतात. दुष्काळात, लक्षात घ्या.

त्या रात्रीपासून माझ्या जेवणाबरोबर दूध येऊ लागलं. तात्यांच्या घरात चहालाही दूध पुरत नसताना मला मात्र पेलाभर! मी समजलो, खेळाडूचा खुराक. रस्त्याने जाताना म्हातारे उठून रामराम घालू लागले. आधी माझी चड्डी बघून तोंडाला पदर लावणाऱ्या बायका आता बाजूला होऊन वाट द्यायच्या. या गावाला खेळाची केवढी कदर आहे, असं मी आईला कळवूनही टाकलं. वर्गात तर कहर केला. आळू प्रत्ययाच्या यादीत फळ्यावर नवा शब्द लिहिला: पायाळू, म्हणजे ज्याला पळण्याची आवड आहे तो. पोरं एकमेकांकडे बघत होती. पण सरांनी सांगितलं म्हटल्यावर सगळ्यांनी मुकाट लिहून घेतलं.

मग एका संध्याकाळी तात्या पालथे पडून कण्हत होते. म्हणाले, "सर, कमर धरलीय. जरा पाय द्या." आमच्या नांदेडच्या घरी वडिलांच्या पाठीवर पाय द्यायची मला लहानपणापासून सवय. मी बूट काढले आणि त्यांच्या कमरेवरून नीट दोनदा चालून आलो. तात्या उठले, वाकून बघितलं, हसले, आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी ही बातमी गावभर झाली होती, हे मला फार नंतर कळलं.

आता इथून पुढचं सांगताना मला हसू येत नाही. तुम्ही हसा, माझी हरकत नाही.

दोन दिवसांनी कौसाबाई माडीच्या जिन्याखाली येऊन उभी राहिली. एक हात कमरेवर, चेहरा पिळवटलेला. घागर उतरवताना उसण भरली होती. तिने कसंबसं सांगितलं, की तिचा मुलगा लातूरला कॉलेजात शिकतो, तो म्हणतो हे सगळं खोटं आहे, दवाखान्यात चल. पण दवाखाना मुरुडला, आणि घरात पाण्याचा थेंब नाही, खेप तर केलीच पाहिजे. मला वाटलं, पळणारा माणूस म्हणून लचक-मुरगळ मला कळत असेल, या आशेने आली. मी शेकायला सांगितलं, दोन दिवस वजन उचलू नका असं सांगितलं. दोन दिवस पाणी आणू नका, असं त्या बाईला! मलाच नंतर लाज वाटली.

ती तिथेच उभी. म्हणाली, "सर, त्ये शेकणं-बिकणं ऱ्हाऊ द्या. येक लाथ घाला हळूच."

मी उडालोच. आईच्या वयाची बाई, आणि मी तिला लाथ घालू? तात्यांनी 'पाय द्या' म्हटलं होतं, हिने 'लाथ घाला' म्हटलं. शब्दांत अडकणारा माणूस मी, दोन्ही एकच मागणं आहे हे कुठून कळणार? मी चिडून म्हणालो, "काहीतरी काय बोलता? माझ्याकडून असलं काही होणार नाही. पुन्हा सांगू नका." आवाज जरा जास्तच चढला.

कौसाबाईने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे बघितलं. म्हणाली, "बरं. कळलं." आणि कमरेवर हात ठेवून, भिंतीला धरत, निघून गेली.

काय कळलं, ते मला कळलं नाही. उन्हाने डोकं फिरलं असेल बिचारीचं, असं म्हणून मी जेवायला बसलो. दुसऱ्या दिवशी वस्तीवरून पळत गेलो तर ती अंगणातच होती. हाक आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही.

आणि अशात बोअरची गाडी आली.

नव्या जिल्ह्याने दुष्काळी गावांना हापसे द्यायचे ठरवले होते. आमच्या गावाला एक. महिन्यापूर्वी कुणी तज्ज्ञ येऊन, यंत्र लावून, वस्तीच्या कडेला चुन्याची खूण करून गेले होते. गाडी, शेळी, कुणी त्या खुणेवरून जाऊ नये म्हणून कौसाबाईने तिच्याभोवती दगडांचं कडं लावलं होतं. मी रोज त्या कड्याशेजारून पळत गेलो, पण ते कशासाठी हे कधी विचारलं नाही. तिच्या दारापासून हापसा हाकेच्या अंतरावर येणार होता. तिच्या सगळ्या खेपा संपणार होत्या.

गाडीबरोबर गॉगल लावलेला एक साहेब होता. मी शाळा सुटल्यावर पोचलो तेव्हा वाद पेटला होता. वस्तीवरची तरुण पोरं म्हणत होती, खूण इथे आहे, इथेच पाडा. तात्या आणि गावातली बाकी मंडळी म्हणत होती, बाभळीजवळ पाडा. तिथे कुणीतरी रोज थांबतं म्हणून. कोण थांबतं, ते मला ऐकू आलं नाही. मला बघून गर्दी दोन्हीकडे झाली आणि साहेबाने विचारलं, "तुम्हीच का ते सर? पायाळू आहात म्हणतात."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. नव्या जिल्ह्याचा साहेब, गाडी घेऊन आलेला, आणि त्याच्यापर्यंत आपल्या पळण्याची कीर्ती गेलेली! शर्यतीच्या निवडीसाठीच विचारतोय, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. असल्या वेळी माणसाने नम्र राहावं. मी नम्र राहिलो नाही.

"आहे," मी म्हणालो. "जन्मजात आहे."

"रोज त्या बाभळीजवळच थांबता?"

"रोज. त्या जागेवर आलं की पायाला कळतं."

गर्दीत कुणीतरी 'आगं माय' म्हणालं.

"काय कळतं?"

"कळ येते. आधी नाही, नंतर नाही, बरोबर तिथेच. खालून सुरू होते आणि सरसर वर चढते."

"वर चढते," तात्या डोळे मिटून म्हणाले. "खालून वर."

"जोर किती असतो?" साहेबाने विचारलं.

"विचारू नका. कधी कधी तर उभं राहवत नाही इतका!"

बघा, एक अक्षर खोटं बोललो नाही. नडगीचं दुखणं याहून नेमकं कुणी वर्णन करून दाखवावं. साहेब मान हलवत राहिला. त्याचं ठरत नव्हतं, कारण त्याच्या कागदावर वस्तीचीच जागा होती. पोरं अजून भांडत होती. तेवढ्यात मागून कौसाबाई पुढे आली. अजून कमरेत वाकलेली. पोरांना म्हणाली, "भांडू नगा. सरांचा पाय सांगतोय तितं पाडा. लांब का आसंना, पानी तर लागू द्या." माझ्याकडे तिने बघितलं नाही.

तिच्याच शब्दाने वस्ती गप्प बसली, आणि गाडी बाभळीकडे वळली.

माझ्या हातात नारळ दिला. खेळाडूच्या हस्ते शुभारंभ, मी समजलो, आणि झोकात फोडला. मशीन धडधडू लागलं. जमिनीतून पांढरी भुकटी वर यायला लागली, बाभूळ पांढरी झाली, आम्ही सगळे पांढरे झालो. साहेब माझ्याजवळ आला आणि कानाशी ओरडून म्हणाला, "तुमच्या आईला लई त्रास झाला असंल!"

"कशाचा?" मी ओरडलो. आईला माझ्या पळण्याचा कसला त्रास?

"आमची आत्या पण पायाळू! आजी मरता मरता वाचली!"

"का?"

"अहो, पाय आधी आले ना! जन्मताना!"

"कुणाचे?"

"आत्याचे! तुमचे पण तसेच ना?"

मित्रहो, मशीन धडधडत होतं, पण मला एकदम सगळं शांत झाल्यासारखं वाटलं. दूध, रामराम, तात्यांची कमर, बाभूळ, सगळं ओळीने डोळ्यांपुढून गेलं. आणि शेवटी जिन्याखाली उभी असलेली कौसाबाई. 'आमाला पाय बी लागंना का', असं तिला वाटलं असणार हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. तात्यांच्या पाठीवरून मी दोनदा चालून आलो होतो. तिला मात्र हाकलून लावलं होतं.

मी दोन्ही हात वर करून मशीनकडे धावलो. "थांबवा! थांबवा!" पण त्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? गावाने बघितलं ते एवढंच, की पायाळू सर हात वर करून भोकाकडे पळताहेत. म्हणजे पाणी आलं! एकच गलका झाला. बायका घागरी घेऊन माझ्या मागे सुटल्या. पहिल्या दिवसासारख्याच. आणि मी आधी ओरडत होतो, आणि मग रडकुंडीला येऊन सगळ्यांना मागे ढकलत होतो.

साहेबाला मी खरं सांगितलं. तो गॉगल पुसत म्हणाला, "आता निम्म्याच्या खाली गेलोय. आता लागलं तर लागलं." संध्याकाळपर्यंत भुकटीच येत राहिली. मग मशीन बंद झालं, दांडे वर काढले, आणि गाडी पुढच्या गावाला गेली. गावाचा एक हापसा होता, तो कोरड्या भोकात गेला. माझं दूध त्याच रात्री बंद झालं, आणि त्याबद्दल मी तात्यांना कधीही दोष देणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी पळालो नाही. चालत वस्तीवर गेलो. कौसाबाई अंगणात भांडी घासत होती, राखेने, पाण्याशिवाय. मी सगळं सांगितलं. आळू प्रत्ययासकट सांगितलं. ती ऐकत होती, हात चालू होता.

मग म्हणाली, "मंजी तुमी सरळच जल्मले?"

"हो."

"मंग त्या दिशी मला लाथ का घातली न्हाई?"

"मावशी, माझी आई तुमच्याएवढी आहे. तिला कुणी लाथ घातली असती तर मला चाललं असतं का?"

तिचा हात थांबला. मग म्हणाली, "मला वाटलं, तात्याला पाय चालतोय, न आमाला..." वाक्य तिने तिथेच सोडलं. दुसऱ्यांची अर्धी वाक्यं पुरी करून घेण्याचा मी पगार घेतो, पण ते वाक्य पुरं करायची माझी छाती झाली नाही. इतके दिवस ती बाई ते अर्धं वाक्य कमरेच्या दुखण्याबरोबर वागवत होती, आणि तरीही माझ्या पायावर विश्वास ठेवून स्वतःच्या दारचं पाणी सोडून आली होती.

त्यानंतर मी लातूरला जाऊन पाय दाखवला. डॉक्टरांनी फोटो काढला. नडगीच्या हाडाला बारीक चीर होती. विचारलं, कधी दुखतं? मी म्हणालो, बाभळीजवळ. ते माझ्याकडे बघत राहिले. दुखत असताना पळत का राहिलात, असं रागावले, आणि तीन महिने पळायचं नाव काढू नका म्हणाले. म्हणजे शर्यत गेलीच. शर्यतीच्या दिवशी हेडमास्तरांनी मला रस्त्याकडेला काठीच्या आधाराने उभं केलं. काम काय, तर पळणाऱ्यांना पाणी वाटणं. सगळ्या जिल्ह्यात याच कामाला मीच सापडलो! धावणारे माझ्या हातातून पेला घेऊन, दोन घोट पिऊन, पुढे जात होते आणि मी 'शाबास' म्हणत होतो.

चीर भरून आली, पण पहिल्यासारखं पळणं पुन्हा जमलं नाही. सहामाही परीक्षेत मीच घातलेला प्रश्न मला भोवला. 'आळू प्रत्यय लागलेले चार शब्द अर्थासह लिहा.' अर्ध्या वर्गाने लिहिलं होतं: पायाळू म्हणजे आमचे सर. मी सगळ्यांना पूर्ण मार्क दिले. पाय बरा झाल्यावर मी वस्तीवरून कौसाबाईची घागर घेऊन विहिरीवर जायला लागलो. पहिल्या दिवशी तिने दिली नाही, दुसऱ्या दिवशी दिली. भरल्या घागरीने पळता येत नाही, पण चालायला लागलो की ती लांबून ओरडायची, "सर, टँकर का नुसतंच?" ती हाक परत आली, त्या वर्षात मी कमावलं ते एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गाडी आली. या वेळी कुणी काही बोललं नाही. दगडांचं कडं अजून होतं, चुना पुसला होता तरी जागा होती. तिथे पाडलं आणि पाणी लागलं. जरा खारट, पण लागलं. हापसा बसवला त्या दिवशी वस्तीने मला बोलावलं. मी लांब उभा होतो. कौसाबाईने दांडा धरला आणि म्हणाली, "या सर. पाय नगं. हात लावा."

मी हात लावला. पाणी आलं तेव्हा तोंड फिरवून उभा राहिलो.

त्या दिवाळीला नांदेडला गेल्यावर आईला सरळ विचारलं, मी जन्मलो तेव्हा आधी काय बाहेर आलं? ती म्हणाली, "डोकं. दुसरं काय येणार?" मला जरा बरं वाटलं. पण विचार केला, तेव्हा ध्यानात आलं की डोकं आधी पोचल्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. त्यानंतर जिथे जिथे गेलो तिथे माझे पायच आधी पोचले, आणि डोकं मागून आलं. म्हणजे आता तुम्हीच सांगा, तात्यांचं काय चुकलं?